पहिला नंबर आल्यानंतर...

गेल्या रविवारी सकाळी पूजा आटोपून चहा घेत बसले होते, तोच पुण्याहून सुनेचा फोन आला. "आई, एक विचारायचं होतं. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेच्या ऑडिशन सुरू होतायत. सगळे म्हणतात हिला पाठवा. हे तर फॉर्म भरायला बसलेच आहेत. मला मेलीला काही सुचत नाही. तुम्ही काय म्हणता?"

नात अकरा वर्षांची. आवाज गोड आहे (आजी म्हणून सांगत नाही, खरंच आहे). चार वर्षं गाणं शिकतेय. मी सुनेला म्हटलं, "मला आठ दिवस दे, मग सांगते."

३४ वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. इतिहासाच्या शिक्षकाला एक खोड असते. प्रश्न समोर आला की तो आधी मागे वळून बघतो, ह्यापूर्वी असं कधी झालं होतं का, आणि झालं तर पुढे काय झालं? तर मंडळी, हे आठ दिवस मी तेच केलं. जे सापडलं आणि जे आठवलं ते इथे लिहिते आहे. मुलगा आणि सून हे वाचतीलच, आणि तुम्हा मंडळींचंही मत मिळेल.

प्रश्न तसा साधा आहे. टीव्हीवरच्या ह्या स्पर्धांमधून खरोखर चांगले कलाकार तयार होतात का? की चार महिने कौतुक आणि मग सगळं शांत?

आपल्या घरोघरी ह्या विषयावर बोलणं निघालं की गाडी एकाच स्टेशनवर येऊन थांबते. 'लिटिल चॅम्प्स'! फेब्रुवारी २००९. मला नुकतीच निवृत्ती मिळाली होती. त्या दिवशी आमच्या मिरजेच्या गल्लीत संध्याकाळी चिटपाखरू नव्हतं. समोरच्या वाड्यातली चार बिऱ्हाडं आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसली होती. आळंदीची कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, आरवलीचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत आणि अलिबागची एवढीशी मुग्धा वैशंपायन. पाचही मुलं शेवटच्या फेरीत. कार्तिकी जिंकली तेव्हा शेजारच्या काकू रडल्या, आणि आर्या हरली म्हणून त्यांची लेक रडली. दुसऱ्या दिवशी भाजीवालीसुद्धा विचारत होती, "बघितलंसा का काल?"

त्या वर्षी माझ्या ओळखीतल्या निदान सहा घरांत पेटी आली. पुढे त्यातल्या किती पेट्यांवर धूळ बसली तो वेगळा विषय. असो.

पण ही गोष्ट 'लिटिल चॅम्प्स'पासून सुरू होत नाही, आणि टीव्हीपासूनही नाही. लहान मूल अफाट गातं आणि लोक वेडे होतात हे आपल्याकडे फार जुनं आहे. सगळ्यात बोलकं उदाहरण बेळगावकडचं.

१९२४ साली सुळेभावी ह्या गावी एक मुलगा जन्मला, शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकायच्या आणि मोठमोठ्या गवयांचं गाणं हुबेहूब गाऊन दाखवायचं, हा त्याचा खेळ. आमच्या मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेबही त्यात होते. एका मठाच्या स्वामीजींनी त्याला नाव दिलं 'कुमार गंधर्व'. गावोगाव जलसे होऊ लागले. १९३६ च्या सुमारास मुंबईच्या जिना हॉलमध्ये तो गायला, तेव्हा वय होतं अकरा-बारा. समोर बसलेले भलेभले थक्क झाले. आजच्या भाषेत सांगायचं तर महाअंतिम फेरी जिंकली!

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. हा मुलगा प्रा. बी. आर. देवधर ह्यांच्याकडे शिकायला राहिला. त्यांचं गायनविद्यालय मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ होतं. ज्याला सगळ्यांची नक्कल येते त्याला आता स्वतःचं गाणं शोधायचं होतं. गर्दी खेचणाऱ्या मुलाला पुन्हा विद्यार्थी करून बसवणं किती कठीण असेल ह्याची कल्पना करा. त्यानंतरही नशिबाने परीक्षा घेतलीच. ऐन उमेदीत क्षय झाला, १९४८ साली मुंबई सोडून देवासला जावं लागलं. पाच-सहा वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्यापडल्या कानावर माळव्यातली लोकगीतं पडत होती. त्यातून उठल्यावर जे गाणं आलं ते कुणाचीच नक्कल नव्हतं.

आपण ज्यांना कुमार गंधर्व म्हणून ओळखतो ते हे. जिना हॉलमधला मुलगा नव्हे. त्या मुलाला टाळ्या मिळाल्या, पण गवई तयार झाला तो टाळ्यांनंतरच्या वर्षांत. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आणि पुढच्या प्रत्येक उदाहरणाला लावून बघितलं.

टीव्ही येण्याआधीही स्पर्धा होत्याच. १९५७ साली मर्फी रेडिओच्या नावाने अखिल भारतीय गायन स्पर्धा झाली, 'मेट्रो-मर्फी' म्हणत तिला. परीक्षक कोण, तर नौशाद, सी. रामचंद्र, अनिल विश्वास, वसंत देसाई, मदनमोहन! जिंकला महेंद्र कपूर. दोनच वर्षांनी शांतारामबापूंच्या 'नवरंग'मध्ये सी. रामचंद्रांनी त्याला गायला लावलं. म्हणजे ज्यांनी परीक्षा घेतली त्यांनीच काम दिलं. हा पंजाबी माणूस पुढे दादा कोंडक्यांचा आवाज झाला आणि आपल्या जत्रांमध्ये अजून वाजतो.

आकाशवाणीची पद्धत ह्याच्या अगदी उलट. १९५२ साली बाळकृष्ण केसकर हे आपले मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात कलाकारांच्या ध्वनिचाचणीची पद्धत कडक झाली. गाणाऱ्याचा चेहरा आणि नाव परीक्षकांपुढे येणार नाही, नुसत्या आवाजावर श्रेणी. ह्या कामात पुढे होते पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. नावाजलेल्या गवयांना हा अपमान वाटला. "आमची परीक्षा घेणारे हे कोण?" म्हणून केवढा गदारोळ झाला. राग समजण्यासारखा आहे. पण त्या पद्धतीत एक गोष्ट चांगली होती. गाणारा दिसायला कसा, गरीब की श्रीमंत, रडतो की हसतो, ह्याला काडीची किंमत नव्हती. गंमत म्हणजे २०१५ मध्ये टीव्हीवर 'द व्हॉइस इंडिया' आलं, त्यात परीक्षक पाठमोऱ्या खुर्च्यांवर बसून गाणं ऐकायचे. पोरं म्हणाली, "आजी, काय भारी आयडिया आहे!" मी म्हटलं, "बाळांनो, ही आयडिया केसकरांच्या वेळची."

आता टीव्हीकडे येऊ. १९९५ साली झी टीव्हीवर 'सा रे ग म' सुरू झालं. गजेंद्र सिंग ह्यांची कल्पना, आणि सूत्रसंचालक कोवळा सोनू निगम. शास्त्रीय संगीतातले आणि चित्रपटसंगीतातले बुजुर्ग परीक्षक म्हणून यायचे. गुण तेच देत. कुणी बेसूर झालं तर सांगत, पण घरातल्या आजोबांसारखं. आमच्याकडे केबल नव्हती, म्हणून मी शेजारी जाऊन बघायची. पुण्याची बेला शेंदे त्यातूनच पुढे आली. तिच्या तर घरातच दोन पिढ्यांचं गाणं.

त्याच कार्यक्रमाच्या मुलांसाठीच्या विशेष भागात एक मुलगी जिंकली, श्रेया घोषाल. वडील राजस्थानात रावतभाट्याच्या अणुवीज प्रकल्पात इंजिनिअर. मुलगी चार वर्षांची असल्यापासून आईजवळ शिकत होती. त्या भागाचे परीक्षक होते कल्याणजी-आनंदजी जोडीतले कल्याणजीभाई. त्यांनी आईवडिलांना सांगितलं, मुलीला मुंबईला आणा. ते आले. कल्याणजींनी तिला शिकवलं, शिवाय मुंबईत तिचं शास्त्रीय शिक्षणही चालू राहिलं. पुढे टीव्हीवर तिला गाताना संजय लीला भन्साळींच्या आईने पाहिलं आणि मुलाला हाक मारून दाखवलं. २००२ चा 'देवदास' आला आणि पहिल्याच चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार. तोवर स्पर्धा जिंकून कितीतरी वर्षं झाली होती.

दुसरी मुलगी सुनिधी चौहान. १९९६ साली दूरदर्शनवर 'मेरी आवाज सुनो' झालं, अन्नू कपूर त्याचं सूत्रसंचालन करायचे. त्यात तेरा वर्षांची सुनिधी पहिली आली. तिचं नाव खऱ्या अर्थाने झालं ते १९९९ च्या 'मस्त'मुळे. आणि ह्याही मुलीच्या मागे कोण उभं होतं? तेच कल्याणजीभाई! त्यांच्या 'लिटिल वंडर्स' ह्या लहान मुलांच्या पथकात ती गात असे.

हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. दोन वेगळ्या वाहिन्या, दोन वेगळ्या स्पर्धा आणि दोघींच्या पाठीशी एकच म्हातारा माणूस. मुलं हुडकली टीव्हीने, पण त्यांना सांभाळलं कल्याणजींनी. २००० साली ते गेले. 'देवदास'मधली श्रेया ऐकायला ते नव्हते.

चित्र पालटलं ते २००४ मध्ये. ब्रिटनमध्ये २००१ साली 'पॉप आयडॉल' नावाचा कार्यक्रम झाला होता, त्याची भारतीय आवृत्ती म्हणजे 'इंडियन आयडॉल'. आता निकाल मोबाइलवर, एसएमएसने. मार्च २००५ मध्ये आपला मराठी मुलगा अभिजीत सावंत पहिला आला तेव्हा मलाही अभिमान वाटला, मी खोटं कशाला बोलू? मुलाच्या मोबाइलवरून दोन एसएमएस मीही पाठवले होते.

पण मत देणं आणि गुण देणं ह्यात फरक आहे. गुण गाण्याला मिळतात, मत माणसाला मिळतं. आपल्या गावचा, आपल्या भाषेचा, आपल्यासारखा गरीब, अशी शंभर कारणं मतामागे असतात. २००७ साली तिसऱ्या पर्वात दार्जिलिंगचा प्रशांत तमांग जिंकला. तो कोलकाता पोलिसांत शिपाई होता. त्याच्यासाठी डोंगरातल्या गावांमध्ये वर्गणी काढून एसएमएस पाठवले गेले. जिंकल्यावर एका रेडिओ निवेदकाच्या टिंगलीवरून सिलिगुडीत दंगल पेटली. ती मोहीम चालवण्यात पुढे असलेले बिमल गुरुंग ह्यांनी त्याच वर्षी गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. गाण्याच्या स्पर्धेतून एक राजकीय पक्ष उभा राहिला! इतिहासाच्या पुस्तकात हे यायला हवं. त्या लोकांना आपलं अस्तित्व दाखवायचं होतं, ते त्यांनी दाखवलं, त्यात मला वावगं वाटत नाही. पण ह्यात गाणं कुठे राहिलं?

ह्याच काळातलं एक उदाहरण मला सगळ्यात जास्त आवडलं. २००५ मध्ये 'फेम गुरुकुल' नावाची स्पर्धा झाली. लोकांच्या मतांनी काझी तौकीर आणि रूपरेखा बॅनर्जी ही जोडी जिंकली. एक लाजाळू बंगाली मुलगा शेवटच्या फेरीच्या आधीच बाहेर पडला. मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जियागंजचा, गुरूंकडे रीतसर शास्त्रीय शिकलेला. नाव अरिजित सिंग. परत न जाता तो मुंबईत राहिला. दुसऱ्या एका स्पर्धेत मिळालेल्या बक्षिसाच्या पैशांतून छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ उभा केला, प्रीतमसारख्या संगीतकारांच्या हाताखाली काम केलं. लोकांना त्याचं नाव कळलं २०१३ च्या 'आशिकी २' नंतर. मधली आठ वर्षं त्याला कुणी एसएमएस पाठवत नव्हतं.

गाण्याबाहेरही तोच हिशेब दिसतो. कपिल शर्मा २००७ मध्ये 'लाफ्टर चॅलेंज' जिंकला, पण स्वतःच्या नावाचा कार्यक्रम घेऊन घराघरात आला तो २०१३ मध्ये. मधली सहा वर्षं त्याने रंगमंचावर घाम गाळला.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, म्हातारीला टीव्ही आवडत नाही. तसं नाही हो. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९५७ साली लातूरच्या किंवा आरवलीच्या मुलाने कितीही चांगलं गायलं असतं, तरी नौशादांपर्यंत तो कसा पोचला असता? दार मुंबईत होतं, आणि मुंबईत मामा-काका असणाऱ्यांनाच ते सापडायचं. टीव्हीने ते दार गावोगाव आणलं. अमरावती जिल्ह्यातली वैशाली माडे आधी मराठी 'सा रे ग म प' जिंकली, मग २००९ मध्ये हिंदीही. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'मध्ये काशीबाई आणि मस्तानीचं एकत्र नाचाचं गाणं आहे ना, त्यातले दोन आवाज कुणाचे? श्रेया घोषाल आणि वैशाली माडे. दोघी ह्याच मांडवाखालून गेलेल्या. २०२० मध्ये 'इंडियन आयडॉल' जिंकलेला भटिंड्याचा सनी बूट पॉलिश करायचा. त्याला दुसऱ्या कुठल्या दारातून कुणी आत घेतलं असतं?

तेव्हा दार उघडतं, हे मान्य. आत गेल्यावर मुलाचं काय होतं, हा माझा प्रश्न आहे. आणि तो मला पुस्तकातून पडलेला नाही. आता जे सांगणार आहे ते आजवर इथे लिहिलं नव्हतं.

२००६ च्या सुमाराची गोष्ट. माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील एसटीत कंडक्टर. गॅदरिंगला तो अभंग गायला आणि सगळं पटांगण गप्प झालं. मला राहवेना. तेव्हा एका वाहिनीच्या ऑडिशन पुण्यात होत्या. मीच फॉर्म आणला, मीच भरला, शिक्षकांकडून अकराशे रुपये गोळा केले. वडील रजा टाकून त्याला घेऊन गेले. पहाटे चारपासून रांगेत उभे होते. पहिली फेरी पार झाली. दुसऱ्या फेरीत एक कडवं म्हणून झाल्यावर त्याला गाण्यापेक्षा घरचंच जास्त विचारलं. वडील काय करतात, घरात किती माणसं, कधी उपाशी झोपलास का? पोरगं मानी. "नाही, आमच्याकडे सगळं आहे," म्हणाला. संध्याकाळी यादी लागली, त्यात नाव नव्हतं.

दुसऱ्या वर्षी गॅदरिंगला मी त्याला गायला सांगितलं, तर मान खाली घालून म्हणाला, "नको बाई." त्यानंतर शाळेत तो कधीच गायला नाही.

दहा-बारा वर्षांनी तो मला बाजारात भेटला. स्वतःचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, लग्न झालंय, छान चाललंय. वाकून पाया पडला. मी न राहवून त्या ऑडिशनचा विषय काढला, म्हटलं, "माझं चुकलंच रे." तो हसला आणि म्हणाला, "तसं नाही बाई. नापास झालो त्याचं काही नाही. पण कुठं चुकलं ते कुणी सांगितलंच नाही. मला वाटलं, आपलं गाणंच खोटं."

घरी येऊन मी बराच वेळ नुसती बसून होते. ३४ वर्षांत मी हजारो पेपर तपासले. नापास झालेल्या मुलाचा पेपर मी त्याच्या हातात परत द्यायची, लाल शाईने खुणा करून. इथे हे चुकलंय, हे बरोबर आहे, पुढच्या वेळी असं लिही. निकाल सांगून पेपर परतच द्यायचा नाही, ह्याला आम्ही परीक्षा म्हणत नव्हतो. त्या मुलाला त्याचा पेपर परत मिळाला नाही.

पण नुसत्या टीव्हीवाल्यांना दोष देऊन मी सुटत नाही. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचं गाव. आमच्या शाळेपासून दोन गल्ल्यांवर उत्तम शिकवणारे एक गुरुजी राहायचे. मी त्या पोराला अडीचशे किलोमीटरवर पुण्याला पाठवलं, आणि दोन गल्ल्या चालून त्या गुरुजींकडे नेलं नाही. ना जायच्या आधी, ना आल्यावर. हे मला तेव्हा सुचलंच नाही, कारण मलाही चमत्कारच हवा होता. 'आमच्या शाळेचा मुलगा टीव्हीवर' असं मलाही स्टाफरूममध्ये सांगायचं होतं. (आता तो एकादशीला भजनी मंडळात गातो असं ऐकते. देवाची कृपा.)

स्पर्धा म्हणजे वाईटच, असं माझं मत नाही. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक घ्या. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून कॉलेजच्या मुलांची ही एकांकिका स्पर्धा भरवते. मराठी रंगभूमीला त्या स्पर्धेने किती माणसं दिली! जब्बार पटेल त्यातलेच. २०२२ साली तिथे वेगळंच घडलं. अंतिम फेरीच्या परीक्षकांनी सांगितलं की करंडकाच्या तोलाची एकही एकांकिका नाही, आणि करंडक कुणालाच दिला नाही. मुलं नाराज झाली, वर्तमानपत्रांतून वाद झाला. निर्णय बरोबर की चूक हे मी ठरवणार नाही, मी ती नाटकं पाहिलेली नाहीत. पण टीव्हीवरची एखादी स्पर्धा शेवटच्या दिवशी असं म्हणू शकेल का, की यंदा कुणीच नाही, पुढच्या वर्षी तयारी करून या? शक्यच नाही. तिथे दर वर्षी एक 'महाराष्ट्राचा लाडका' निघालाच पाहिजे, जाहिरातींचे पैसे आधीच घेतलेले असतात. दर वर्षी एक विजेता नक्की मिळतो. कलाकार मात्र दर वर्षी मिळेलच असं नाही. दोन्ही एकच समजल्यामुळे आपला घोटाळा होतो.

मग 'लिटिल चॅम्प्स'च्या पाच मुलांचं काय? २०२१ मध्ये हीच पाच जणं त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या जागी बसली होती. कार्तिकी अजून अभंग-भक्तिगीतं गाते, तिच्या घरात वडिलांपासून गाणं आहे. आर्याची आई स्वतः शास्त्रीय गायिका. आर्या २०१७ च्या 'ती सध्या काय करते' मध्ये नायिकाही झाली. रोहित ११ वर्षांनी पुन्हा उभा राहिला, २०२० च्या 'इंडियन आयडॉल'मध्ये दुसरा आला. प्रथमेश आणि मुग्धा अजून शास्त्रीय पायावरचंच गाणं गातात, आणि २०२३ मध्ये त्यांनी एकमेकांशी लग्न केलं, हे तुम्हाला माहीतच आहे. (आमच्या गल्लीला घरचंच कार्य असल्यासारखा आनंद झाला होता.)

पाचही टिकली. हे स्पर्धेचं यश नाही का? आहे, थोडं आहे. पण त्या पाचांची घरं बघा. स्पर्धेआधी त्यांच्या घरी गाणं होतं, आणि स्पर्धा संपल्यावरही ते चालू राहिलं. त्या वर्षी जी हजारो मुलं रांगेत उभी राहून परत गेली, त्यांच्यातल्या ज्यांच्या घरी असं काही नव्हतं, त्यांचं काय झालं ते आपल्याला कुणी दाखवलं नाही.

तर आठ दिवस झाले. काल रात्री सुनेला फोन केला. मुलालाही बोलवायला सांगितलं. म्हटलं, पाठवायला माझी ना नाही. पण तीन गोष्टी ऐका. पहिली, तिला स्वतःला जायचंय का ते विचारा, आणि ते तिच्या बाबासमोर नको, एकटीला विचारा. दुसरी, तिच्या गाण्याच्या बाईंना आत्ताच विचारून ठेवा की निकाल काहीही लागला तरी त्या सोमवारी त्या तिला नेहमीच्या वेळेला शिकवायला घेतील ना? आणि तिसरी, जिंकली किंवा हरली, घरी आल्यावर तिच्याजवळ बसा. काय चांगलं झालं, कुठे सूर हलला, ते तिला सांगा. तुम्हाला कळत नसेल तर बाई सांगतील. तिला तिचा पेपर परत मिळाला पाहिजे.

मुलगा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "आई, तू त्या कंडक्टरच्या मुलाचं कधी बोलली नाहीस." म्हटलं, आता बोलले ना!

शेवटी एकच. आमच्या मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात दर उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर तिथेच आहे. मोठमोठे गायक-वादक येतात, आणि शिकणारी मुलंही येतात. तिथे कुणाचा नंबर लागत नाही. लोक म्हणतात, 'हजेरी लावायला आलो'. पुढच्या उरुसाला नातीला घेऊन या, असं मी दोघांना सांगितलंय. ऑडिशन आधी असो की नंतर. तिने नुसतं तिथे बसून रात्रभर ऐकलं तरी चालेल.

तुम्ही काय केलं असतंत? तुमच्या घरी, नात्यात कुणी अशा स्पर्धेत गेलं होतं का, आणि परत आल्यावर पुढे काय झालं? जरूर कळवा. मी वाट बघते.